कर्ज तिच्या नावावर, गल्ला कुणाच्या हातात?

मैत्रिणींनो, 'गट' हा शब्द आता आपल्याला नवा राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी एकेका गल्लीत चार-चार गट असतात. मंगळवारी एका कंपनीची वसुली, गुरुवारी दुसरीची, महिन्याच्या दहा तारखेला बचत गटाची मिटिंग. बायका हातातलं काम टाकून, पदर खोचून, हप्त्याचं पुस्तक घेऊन ओसरीवर येऊन बसतात. तीस वर्षांपूर्वी याच बायकांना बँकेचा शिपाई दारातूनच विचारायचा, "काय पाहिजे मावशी?" आज बँकेचे साहेब त्यांच्या दारी येतात. हा बदल लहान नाही, आणि तो फुकट मिळालेला नाही.

गरीब बाईला कर्ज मिळत नव्हतं असं नाही बरं का. मिळत होतं, पण कसलं? भाजीवाली पहाटे सावकाराकडून नऊशे रुपये घ्यायची आणि संध्याकाळी हजार परत करायची. दिवसाला शंभर रुपये, म्हणजे महिन्याचे पंचवीस दिवस धंदा केला तर नऊशे रुपयांच्या भांडवलावर अडीच हजार रुपये व्याज! दिवसभर उन्हात बसून तिने कमावलेलं असं तिसऱ्याच्या खिशात जायचं. ही पद्धत आजही कित्येक बाजारांत चालू आहे. अशा बाईच्या हातात रास्त व्याजाचे पाच हजार रुपये आले, तर दुसऱ्याच दिवसापासून ते शंभर रुपये तिच्या घरात राहतात. मुलीची फी त्यातून भरली जाते, दूध येतं. छोट्या कर्जाची सगळी ताकद यात आहे. जादू काही नाही, नुसता हिशेब आहे.

हा हिशेब बांगलादेशात चितगाव विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी मांडला. शेजारच्या जोब्रा गावात बांबूचे मुढे विणणाऱ्या आणि तसलीच कामं करणाऱ्या 42 माणसांचं सावकाराकडचं सगळं देणं मिळून फक्त 856 टका निघालं, ते त्यांनी स्वतःच्या खिशातून दिलं. पुढे 1983 साली ग्रामीण बँक रीतसर उभी राहिली आणि 2006 साली युनूस आणि त्यांची बँक यांना शांततेचं नोबेल मिळालं. पण त्याआधीच, 1974 साली, अहमदाबादेत इलाबेन भट यांच्या सेवा संघटनेतल्या बायकांनी स्वतःची बँक काढली होती. आणि मुंबईच्या गिरणगावात प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका, किराणा उधार, त्यावर वाण्याचं व्याज, आणि गिरणीत संप झाला की सगळंच बंद. त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून देणं हे त्या काळी केवढं धाडस होतं, याची आज कल्पना येणार नाही.

आपल्या मातीतली गोष्ट सांगायची तर म्हसवडची. साताऱ्याचा माण तालुका, कायमचा दुष्काळी. तिथे रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला ताडपत्री घ्यायची होती. त्यासाठी चार पैसे साठवायचे, तर बँक खातंच उघडून देईना. रक्कम इतकी लहान की त्यांना परवडत नव्हतं म्हणे. लक्षात घ्या, तिने कर्ज मागितलं नव्हतं, आपलेच पैसे ठेवायला जागा मागितली होती. चेतना गाला सिन्हा यांनी मग बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक बायकांचे कागदावर अंगठे! बायका हटल्या नाहीत. अक्षरओळख करून घेतली, पुन्हा साहेबांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नव्हतं, पण मोजता येतं. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय तेच गणित घाला, बघू कोण आधी सांगतं. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

मला ही गोष्ट फार आवडते. पण ती सांगून झाल्यावर दरवेळी टाळ्या पडतात आणि खरा प्रश्न राहूनच जातो. कर्ज मिळालं, पुढे काय?

आमच्या गटातल्या एका बाईचं उदाहरण सांगते, नाव नको. पिको-फॉल आणि ब्लाऊज शिवायचा धंदा वाढवायला तिने तीस हजारांचं कर्ज घेतलं. त्यातले अठरा हजार नवऱ्याच्या टमटमच्या इंजिनाला गेले. उरलेल्या बारा हजारांत तिने जुनं मशीन घेतलं. अस्तर, दोरे, लेस भरायला पैसे उरले नाहीत, म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे. हप्ता मात्र तिच्या नावावर आणि तिच्याच शिलाईतून. तिचा नवरा वाईट माणूस नाही, दारूच्या थेंबाला शिवत नाही. त्याला आणि सासूला, आणि खरं सांगायचं तर तिलासुद्धा, मनापासून वाटत होतं की टमटम हा 'खरा' धंदा आहे आणि शिवण म्हणजे घरबसल्या चार पैसे.

हे तिच्या एकटीचं नाही. भारत, श्रीलंका आणि घाना इथल्या माहितीवर काही अर्थतज्ज्ञ स्त्रियांनी केलेला एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. बायकांना भांडवल दिलं तरी त्यांचा नफा पुरुषांइतका का वाढत नाही, असं आधी विचारलं जायचं. बाईला धंदा जमत नाही, असा अर्थही लोक काढून मोकळे व्हायचे. या अभ्यासाने दाखवलं की तिच्या नावावर आलेला पैसा बऱ्याचदा नवऱ्याच्या धंद्यात जातो. आणि ज्या घरात धंदा करणारी ती एकटीच होती, तिथे तिची कमाई पुरुषांच्या तोडीस तोड निघाली. म्हणजे कमी कुठे होती? हाताला नव्हती. पैसा हातात टिकत नव्हता.

कर्जाने गरिबी हटते, असं सरसकट म्हणायलाही मी तयार नाही. हैदराबादच्या वस्त्यांमध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी पाहणी केली, ती 2015 साली छापून आली. ज्या घरांत आधीपासून धंदा होता, त्यांनी कर्जातून धंदा थोडा वाढवला. लोकांनी चहा-पान, सणासुदीचा खर्च कमी करून टिकाऊ वस्तू घेतल्या. पण मुलांचं शिक्षण किंवा घरातला बाईचा शब्द, यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. हे वाचून आमच्यातल्या काहीजणी नाराज झाल्या. मला मात्र बरं वाटलं. कारण एवढं सगळं ओझं एका तीस हजारांच्या कर्जावर टाकणं हाच अन्याय होता. पाणी, दवाखाना, शाळा, मालाला बाजार हे ज्यांनी बघायचं, त्यांनी कर्जवाटपाचे मेळावे घेऊन हात झटकू नयेत.

आणि हप्त्यांच्या घाईबद्दल कोणी बोलेल का? शेळी घेतली तर ती गाभण राहणार, विणार, करडं मोठी होणार, मग पैसा. इथे पुढच्याच आठवड्याला पहिला हप्ता! मग बाई शेळीच्या कर्जाचा हप्ता मजुरी करून भरते. कोलकात्यात एक प्रयोग झाला होता. काही कर्जदार बायकांना पहिल्या हप्त्याआधी दोन महिन्यांची सवड दिली. त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि तीन वर्षांनी त्यांचा नफाही जास्त निघाला. थकबाकीही वाढली, हे लपवायला नको. कंपन्या सवड का देत नाहीत त्याचं कारण तिथेच आहे.

घाईने काय होतं ते आंध्र प्रदेशाने 2010 साली पाहिलं. एका बाईच्या माथी चार-चार कंपन्यांची कर्जं, एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून, वसुलीला आलेली माणसं दारात बसलेली. आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नियम केले, 2022 साली ते नव्याने आले. ते आपल्याला पाठ पाहिजेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला या कर्जासाठी काहीही तारण ठेवावं लागत नाही. घरातल्या सगळ्यांचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. व्याज आणि इतर आकार लिहिलेला कागद आपल्याला मिळालाच पाहिजे, कर्जाचं कार्ड आपल्याला समजणाऱ्या भाषेत पाहिजे. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. आणि कर्जाबरोबर काही गळ्यात मारत असतील, तर "नको" म्हणायचा हक्क आहे. एका कंपनीच्या माणसाला मी हा शेवटचा नियम ऐकवला, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, आजवर कोणी विचारलंच नाही."

व्याजाचं एक गणित घरी करून बघा. "फक्त बारा टक्के" म्हणून तीस हजार दिले, वर्षाचं व्याज तीन हजार सहाशे, महिना हप्ता दोन हजार आठशे. ऐकायला स्वस्त. पण मुद्दल तर दर महिन्याला फिटत चाललेलं आहे, आणि व्याज अख्ख्या तीस हजारांवर! खरा दर जवळपास साडेएकवीस टक्के पडतो. म्हणून विचारायचं, व्याज पूर्ण रकमेवर की उरलेल्या रकमेवर?

आपल्या स्वतःच्या बचत गटात महिना दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के घेतात, ते कसं चालतं, असं एक कॉलेजची मुलगी मला विचारत होती. प्रश्न चांगला होता. एक म्हणजे तिथे व्याज उरलेल्या रकमेवर असतं. दुसरं, बारा बायकांनी महिना शंभर टाकले तर वर्षाचे चौदा हजार चारशे जमतात, त्यावरचं व्याज त्याच बाराजणींच्या पेटीत परत येतं. नाबार्डने 1992 साली गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, ती याच पेटीच्या भरवशावर. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब, ही पंचसूत्री आपण प्रार्थनेसारखी म्हणतो. 'उमेद'मधल्या गटाने ती पाळली तर बँकेकडून तीन लाखांपर्यंतचं कर्ज सात टक्क्यांनी मिळण्याची सोय आहे. वीस लाखांपर्यंत गटाला तारण लागत नाही. तरी आपण दारात आलेल्या कंपनीचा कागद आधी सही करतो, कारण बँकेत चार हेलपाटे पडतात आणि कंपनी चार दिवसांत पैसे देते. बँकांच्या साहेबांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आमच्या गटाने गेल्या दिवाळीनंतर कर्जाच्या अर्जात तीन प्रश्न वाढवले. पैसे कुणाच्या हातात राहणार? पहिली कमाई कुठल्या महिन्यात येणार? आणि रोजची विक्री वहीत कोण लिहिणार? टमटमला पैसे द्यायचे असतील तर खुशाल द्या, पण मग अर्जावर टमटम लिहा, नवऱ्याची सही घ्या आणि हप्ता टमटमच्या कमाईतून भरा. पहिल्याच बैठकीत सात अर्ज आले होते. दोघींनी प्रश्न वाचून अर्ज परत घेतले. एकीने रक्कम वीस हजारांवरून आठ हजारांवर आणली, कारण तिला मसाल्याला लागणार होते तेवढेच. आणि ती शिवणकामवाली, तिने जुनं कर्ज फेडून यंदा फक्त अस्तर आणि दोऱ्यांसाठी पाच हजार मागितले. गल्ल्याची चावी तिने मंगळसूत्रात ओवून आणली होती, ती सगळ्यांना दाखवत होती.