दंगल विझल्यानंतर

दंगलीचा हिशेब आपण तातडीने मांडतो : मृत किती, जखमी किती, दुकाने किती जळाली. संचारबंदी उठली की शहर व्यवहाराला लागते आणि वही मिटते. त्या दिवसांत घरात कोंडलेल्या, खिडकीच्या फटीतून सारे पाहिलेल्या मुलांचा रकाना मात्र या वहीत नसतो. ‘मूलच ते, विसरेल’ ही आपली जुनी समजूत. ती कितपत खरी, हे पाहण्यासाठी उत्तर आयर्लंडचे उदाहरण बोलके आहे.

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथे पेटलेला संघर्ष १९९८ च्या करारापर्यंत चालला. साडेतीन हजारांहून अधिक माणसे त्यात बळी गेली. १९७२ हे सर्वांत भीषण वर्ष. लष्कराचे पहारे, बॉम्बची धास्ती आणि शेजारची जळकी घरे यांत बेलफास्टची एक पिढी वाढली. करारानंतर बंदुका बहुतांशी थंडावल्या. पण आत्महत्या वाढल्या. क्वीन्स विद्यापीठातील मायकेल टॉमलिन्सन यांनी २०१२ साली दाखवून दिले की, ही वाढ विशेषेकरून त्या भीषण वर्षांत बालपण गेलेल्यांमध्ये दिसते. संघर्षाशी निगडित भयंकर प्रसंग अनुभवलेल्या प्रौढांचे प्रमाण दुसऱ्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ३९ टक्के आढळले.

अर्थात, सारा दोष हिंसेच्या माथी मारणे योग्य नव्हे. ज्या वस्त्या सर्वाधिक होरपळल्या, त्यांतच दारिद्र्य आणि बेकारीही होती. शिवाय बहुतेक मुले सावरतात, हेही तितकेच खरे. परंतु काहींच्या बाबतीत धोका टळला तरी शरीराचा पहारा उठत नाही. दार वाजले की दचकणे, अपुरी झोप, क्षुल्लक कारणावरून भडकणे, दारूचा आधार घेणे, हे सारे पुढे ‘स्वभाव’ म्हणून खपून जाते. मूळ कोणी विचारीत नाही. ज्याचे त्याला सांगवत नाही.

बडोद्याला हा प्रश्न परका नाही. १ मार्च २००२ रोजी येथील बेस्ट बेकरीत चौदा जणांचे प्राण गेले. शहरातील त्या दिवसांत आठ वर्षांची असलेली मुले आज तिशी ओलांडलेली आहेत. त्यांतली अनेक स्वतः आईबाप आहेत. भीतीचा वाटा सर्वांना सारखा आला नसेल, पण तो कोणत्याही एकाच मोहल्ल्यापुरता राहिला नाही.

उपाय फारसे खर्चाचे नाहीत. दंगलीनंतर शाळा लवकर सुरू व्हाव्यात, कारण रोजची घंटा मुलाला जग पूर्ववत चालू असल्याची खात्री देते. वडीलधाऱ्यांनी मुलाचे बोलणे दडपू नये, त्याला खरे तेच सांगावे. आणि निद्रानाशाची तक्रार घेऊन आलेल्या प्रौढाला डॉक्टरांनी एवढे तरी विचारावे : लहानपणी काय पाहिलेत? न्यायालयांचे निकाल लागतात, जळालेली दुकाने पुन्हा उभी राहतात. हा एक रकाना भरल्याखेरीज मात्र दंगलीचा हिशेब पुरा झाला असे म्हणता येणार नाही.