१९६९ : देशमुखांनी मते 'खाल्ली' नाहीत

१९६९च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीविषयी एक विधान सर्रास केले जाते : चिंतामणराव देशमुखांनी मते खाल्ली, म्हणून नीलम संजीव रेड्डी पडले. हे विधान गणितात टिकत नाही.

मतदान पसंतीक्रमाचे होते. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. कोटा कोणीच गाठला नाही आणि या पदासाठी दुसऱ्या पसंतीची मोजणी प्रथमच करावी लागली. तीत रेड्डींच्या पारड्यात ९१,८७९ मतांची भर पडली, गिरींच्या अवघ्या १८,५६२. म्हणजे 'खाल्लेली' बहुतेक मते रेड्डींना परत मिळाली! तरीही ते १४,६५० मतांनी मागे राहिले.

फूट होती ती काँग्रेसच्याच घरात. रेड्डी पक्षाचे अधिकृत उमेदवार. पंतप्रधान इंदिरा गांधी मात्र सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मतदान करा, असे सांगत होत्या. एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६. गिरींकडचे तेरा खासदार रेड्डींकडे वळते, तर निकाल उलटला असता. बीडचे तेव्हाचे खासदार होते क्रांतिसिंह नाना पाटील. त्यांचा कम्युनिस्ट पक्ष गिरींच्या पाठीशी होता. बीडकरांना हा हिशेब दिल्लीचा म्हणून झटकता येणार नाही.

देशमुखांना जनसंघ व स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता. त्यावर टीका अवश्य व्हावी. परंतु मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणाऱ्या माणसाच्या माथी दुसऱ्याच्या घरातील भांडण मारणे हा अभ्यास नव्हे, निव्वळ आळस आहे.