गाणं सगळ्यांचं, नाव कोणाचं?

जबलपूरला मी समाजशास्त्रात पीएचडी करते. इथल्या पोरांना तमिळचा एक शब्द कळत नाही, तरी 'एन्जॉय एन्जामी'वर त्यांचे पाय थिरकतात. स्नेहसंमेलनात, वरातीत, रीलमध्ये, सगळीकडे. हे गाणं लिहिलं कोणी, असं विचारलं की उत्तर येतं, "ती धी नावाची गायिका आहे ना, तिचं." अरिवुचं नाव क्वचितच कुणाच्या तोंडी येतं. हे निव्वळ अज्ञान आहे, असं म्हणून मी सोडून देणार नाही.

मार्च 2021 मध्ये आलेल्या या व्हिडिओची दृश्यभाषा आधी नीट पाहा. अरिवुची आजी वळ्ळिअम्माळ श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेली भूमिहीन मजूर. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली पण ज्यांच्या नावावर सातबारा कधी झाला नाही, त्यांचं हे गाणं. पडद्यावर अशी माणसं दाखवायची तर फाटके कपडे, मळकट रंग, रडवेला चेहरा हे ठरलेलं. इथे झगझगीत रंग आहेत, थाट आहे आणि आजी स्वतः मानाने समोर आहे. कुणाची दया मागायची गरजच ठेवलेली नाही. म्हणून तर हा व्हिडिओ आपला वाटतो.

पण प्रेक्षकाने फक्त रंग, पेहराव आणि ठेका उचलला की 'व्हाइब' तेवढा उरतो, भूमिहीनता गळून पडते. मग ती सांगणाराही गळतो. ऑगस्ट 2021 मध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर धी आणि शान व्हिन्सेंट डी पॉल झळकले, अरिवु नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, टीका झाली, तेव्हा कुठे त्याचं डिजिटल मुखपृष्ठ आलं. जुलै 2022 मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात हे गाणं अरिवुविना सादर झालं. तो तेव्हा परदेशात होता. आपण त्याचं श्रेय कधी नाकारलं नाही, असं धीने सांगितलं. ते मान्य. तरी आठवण करून द्यावी लागते ती दर वेळी अरिवुचीच का?

'कलेला जात नसते' म्हणणाऱ्यांनी आपल्या तमाशाकडे पाहावं. पवळा महार समाजातली, पठ्ठे बापूराव जन्माने कुलकर्णी ब्राह्मण. लोक गर्दी करायचे पवळाला पाहायला. इतिहासात मात्र शाहीर मोठा आणि पवळा त्याची साथीदार. तिथे लिहिणारा मोठा ठरला, कारण फडावर आपण होतो. इथे चेहरा मोठा ठरला, कारण लेखणी आपली होती. नियम बदलतो, खाली कोणाला बसवायचं ते बदलत नाही.

घरातले पहिले पदवीधर म्हणून आपण हे विद्यापीठातही पाहतो. वस्तीत फिरून मुलाखती आपण घ्यायच्या, निबंधावर नाव दुसऱ्याचं आणि आपल्या वाट्याला आभाराची एक ओळ. त्यामुळे श्रेयाचा प्रश्न आपल्याला परका नाही.

तेव्हा नाचा, खुशाल नाचा. पण रील टाकताना अरिवुचं नाव लिहा. शब्दांचा अर्थ शोधा आणि मित्रांना सांगा. ज्यांच्या नावावर जमीन झाली नाही, त्यांच्या नातवाच्या नावावर निदान त्याचं गाणं तरी राहू द्या.