झडतीची संहिता कोठून आणावी?

श्रावणी अमावास्येच्या सायंकाळी यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावी आखरावर बैलजोड्या रांगेने उभ्या राहतात. तोरण ताणलेले असते, मानाच्या जोडीची वाट पाहिली जात असते, आणि तोरण तुटून पोळा फुटण्यापूर्वी जो थोडा अवकाश मिळतो तो झडत्यांचा. कोणी एक गडी पुढे होऊन दोन-चार यमकबद्ध ओळी खड्या आवाजात फेकतो. शेवटी ठरलेले नमन होते, महादेवाचा गजर होतो, आणि तो विरतो न विरतो तोच दुसऱ्या बाजूने उत्तरादाखल दुसरी झडती येते. नमन जुने, चालही जुनी. मधल्या ओळी मात्र त्या वर्षीच्या. कापसाचा भाव, न उगवलेले बियाणे, सावकाराचे व्याज, गावच्या पुढाऱ्याची नवी मोटार, मालकाचा कंजूषपणा, यांपैकी काहीही त्यात येऊ शकते. काही झडत्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या असतात, काही आदल्या रात्री जुळविलेल्या असतात. परंतु समोरच्याने टोला दिल्यावर त्याच क्षणी जी परतफेड होते ती कोणी लिहून आणलेली नसते. सारा गाव हसतो तो बहुधा तिला.

शहरी वाचक हा प्रकार ऐकून त्यास लोकपरंपरा म्हणून नमस्कार करील आणि पुढे जाईल. त्याच शहरातील एखाद्या छोट्या सभागृहात अलीकडे चार-सहा हौशी तरुण-तरुणी संहितेवाचून रंगमंचावर उभे राहतात, प्रेक्षकांकडून एखादे स्थळ, एखादा व्यवसाय किंवा नुसता एक शब्द मागून घेतात आणि त्यावरून तेथल्या तेथे विनोदी प्रवेश रचतात. यास 'इम्प्रोव्ह' असे सुटसुटीत नाव आहे. ते शिकविण्यासाठी शिबिरे भरतात आणि त्यांना शुल्कही पडते. यात गैर काही नाही. उलट, हजरजबाबीपणा ही जन्मजात देणगी आहे, ती शिकविता येत नाही, हा आपला पिढीजात समज या मंडळींनी खोटा ठरविला, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. प्रश्न एवढाच की, ज्या जिल्ह्यात ही कला आखरावर फुकट उपलब्ध आहे, तेथील शाळा-महाविद्यालयांनी तिला कधी शिकण्या-शिकविण्याजोगी मानले काय? याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते.

वस्तुत: मराठी रंगभूमीने तरी या कलेला परके मानण्याचे कारण नाही. १८४३ साली सांगली येथे विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हा सूत्रधाराची पदे तेवढी रचलेली होती. पात्रांची भाषणे लिहिलेली नसत. कथानक सर्वांना ठाऊक, प्रसंगाचा क्रम ठाऊक. बोलणे मात्र ज्याचे त्याने आयत्या वेळी करावयाचे. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर छापील संहितेच्या नाटकांचा काळ सुरू झाला. अशा नाटकांना त्या वेळी 'बुकिश' म्हणत. या शब्दात कौतुक होते तसा थोडा उपहासही असावा. बुकिश नाटकांनी मराठी भाषेला देवल दिले, गडकरी दिले. तो लाभ कोणी नाकारणार नाही. परंतु त्या दिवसापासून आयत्या वेळी बोलणारा नट सुशिक्षितांच्या नाट्यगृहातून उठला आणि तमाशाच्या बतावणीत, सोंगाड्याच्या वेषात राहू लागला. त्याला पुन्हा मध्यमवर्गीय प्रेक्षकांसमोर येण्यास १९६५ साल उजाडावे लागले. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्यात दादा कोंडके ताज्या बातम्यांवर जी भर घालीत, तिच्यासाठी तेच नाटक पुन्हा पुन्हा पाहणारे प्रेक्षक होते.

विदर्भात हा नट दंडारीत राहिला. दिवाळीच्या सुमारास, पिके घरी येऊ लागली की, गावातील चार हौशी माणसे एकत्र येतात. पुरुषच स्त्रियांची सोंगे घेतात. ढोलकी आणि टाळ यांच्या साथीने रात्र जागविली जाते. यवतमाळच्या दक्षिणेकडील तालुक्यांत कोलाम आणि गोंड समाजांच्या दंडारीची स्वतंत्र, धार्मिक अंगाची परंपरा आहे, तिची गल्लत येथे करू नये. गावदंडारीतील गाणी पाठ असतात, सोंगांमधील गद्य मात्र त्या रात्रीचे असते. यात कोणी व्यावसायिक नसतो. शिकविण्याची पद्धत विचारली तर पोरगा आधी टाळ धरतो, मग कोरसात उभा राहतो, मग एखाद्या वर्षी आजारी पडलेल्या गड्याच्या जागी सोंग घेतो, अशी काहीशी आढळेल. अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे कौशल्य कागदावर उतरत नाही, एका माणसाच्या सहवासातून दुसऱ्याकडे जाते. सहवास तुटला की ते संपते, आणि संपले हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण त्याची नोंदच कोठे नसते.

सहवास तुटण्याची कारणे या जिल्ह्यात उघड आहेत. ट्रॅक्टर आला, बैलजोड्या घटल्या. तरुण मुले पुण्याकडे कामाला गेली. त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे प्रयोजन नाही. बैलामागे आयुष्य काढण्याची सक्ती कोणावर असू नये. मात्र आखरावर जे घडत होते त्याचा सामाजिक अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. सालगड्याचा करार गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत असतो. पोळा त्याच्या मध्यावर येतो. करार नवा होण्यास अजून सहा-सात महिने आहेत, हंगाम ऐन भरात आहे, अशा वेळी सारा गाव साक्षीला ठेवून गडी मालकाच्या चिक्कूपणावर झडती म्हणतो आणि मालकाला हसावे लागते. तो बोजाराही देतो. या हसण्याने मजुरी वाढत नाही, हे खरे. पण वर्षभर जे बोलता येत नाही ते बोलण्याचा एक दिवस तरी त्यामुळे पदरात पडतो, आणि मालकालाही आपल्याविषयी काय बोलले जाते ते कळते.

योगायोगाची गोष्ट अशी की, उत्स्फूर्त नाट्याचे आधुनिक शिक्षण ज्यांनी उभे केले त्यांतील एकाने नेमका याच संबंधावर बोट ठेवले. कीथ जॉनस्टन हे लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात शिकवीत असत. दोन माणसे बोलू लागली की त्यांतील प्रत्येक जण स्वत:ला दुसऱ्याच्या वर किंवा खाली ठेवीत असतो, आणि ही पायरी अचानक बदलली की हशा पिकतो, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांच्या १९७९ सालच्या 'इम्प्रो' या पुस्तकात मालक आणि नोकर यांच्या प्रवेशांना मोठे स्थान आहे. त्यांच्याही आधी अमेरिकेत व्हायोला स्पोलिन यांनी हीच विद्या मुलांच्या खेळांतून घडविली. शिकागोच्या 'हल हाउस' या सेवाकेंद्रात, जेथे स्थलांतरित गरिबांची वस्ती होती, तेथे त्या नीव्हा बॉइड या शिक्षिकेकडे खेळ शिकविण्याचे शास्त्र शिकल्या. भाषा नीट न येणाऱ्या मुलांना पाठांतर करावयास लावण्याऐवजी खेळ देऊन रंगमंचावर उभे करावे, ही त्यामागील दृष्टी. त्यांचे पुस्तक १९६३ साली निघाले. त्यांचे पुत्र पॉल सिल्स 'सेकंड सिटी' या १९५९ साली सुरू झालेल्या विनोदी नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक. आज जगभर ज्याला करमणूक म्हणून ओळखतात, त्याचे मूळ गरीब वस्तीतील शिक्षणात आहे, ही गोष्ट यवतमाळसारख्या जिल्ह्याने विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रमाण मराठीत उत्तर देताना अडखळणारा आणि वऱ्हाडीत बोलू लागला की वर्ग डोक्यावर घेणारा विद्यार्थी येथील प्रत्येक प्राध्यापकाच्या ओळखीचा आहे.

जॉनस्टन यांना एक अडचण आली, तिचा आपल्याशी निकटचा संबंध आहे. इंग्लंडमध्ये त्या वेळी कोणत्याही जाहीर प्रयोगाची संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याकडून आगाऊ मंजूर करून घ्यावी लागे. संहिताच नसलेल्या नाटकाची मंजुरी कशी मिळवावी? तेव्हा हा नाटकाचा प्रयोग नसून अभिनयाच्या वर्गाचे जाहीर प्रात्यक्षिक आहे, अशी वाट काढण्यात आली. प्रेक्षक 'वर्ग' पाहण्यास येत आणि पोट धरून हसत. १९६८ साली कायदा होऊन ही पूर्वतपासणी रद्द झाली आणि ही कसरत संपली.

आपल्याकडे १८७६ सालचा नाट्यप्रयोग नियंत्रणाचा ब्रिटिश कायदा २०१८ साली विधिपुस्तकातून वगळण्यात आला. परंतु महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस कायद्याच्या आधाराने चालणारी, परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता आगाऊ सादर करून प्रमाणपत्र घेण्याची पद्धत निराळी आहे आणि ती दीर्घकाळ चालत आली आहे. तिच्या घटनात्मकतेस अमोल पालेकर यांनी २०१६ साली उच्च न्यायालयात आव्हान दिले. तो वाद येथे सोडवावयाचा नाही. पूर्वतपासणी असावी असे मानणाऱ्यांनाही एका गोष्टीचा विचार करावा लागेल: जे नाटक प्रयोगाच्या क्षणीच जन्मास येते ते या व्यवस्थेत बसतच नाही. आखरावरील झडतीकडे सहसा कोणी प्रमाणपत्र मागत नाही, कारण तिला कोणी नाटक समजत नाही. पण त्याच गावच्या मुलांनी तोच प्रकार स्पर्धेच्या रंगमंचावर आणावयाचे ठरविले की, पहिली मागणी संहितेच्या प्रतीची होते. म्हणजे अज्ञात राहिला तर मोकळा, आणि मान्यता मागितली तर अडकला, अशी या कलेची विलक्षण स्थिती आहे. हौशी, विनामूल्य किंवा शैक्षणिक उत्स्फूर्त प्रयोगांना शासनाने एका साध्या परिपत्रकाने यातून मोकळे करावे. त्यासाठी तिजोरीतून एक रुपयाही जाणार नाही.

लिखित शब्द आगाऊ अडविता येतो, याचा अनुभव यवतमाळला आहे. जानेवारी २०१९ मध्ये येथे भरलेल्या ९२ व्या मराठी साहित्य संमेलनाच्या उद्‌घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले. त्यांचे लिहून तयार असलेले भाषण लोकांनी वृत्तपत्रांतून वाचले. पुढे उद्‌घाटन झाले ते याच जिल्ह्यातील शेतकरी विधवा वैशाली येडे यांच्या हस्ते. आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील स्त्रियांना घेऊन बसविलेल्या 'तेरवं' या नाटकात त्यांनी काम केले होते. 'तेरवं' हे लिहिलेले नाटक आहे, उत्स्फूर्त नव्हे. तरीही नाट्यशाळेचे तोंड न पाहिलेली या मातीतील स्त्री थोड्या तालमीनंतर केवढ्या सभेसमोर उभी राहू शकते, हे त्या दिवशी दिसले.

महाविद्यालयांपुरते बोलावयाचे तर बदल लहानच हवा आहे. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत नाट्यविभागात एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय आणि नकला हे प्रकार असतात. चारही घोटून बसविलेले. चित्रकलेत मात्र जागेवर विषय देऊन चित्र काढण्याची स्पर्धा आहे; आयत्या वेळी विषय देऊन होणाऱ्या वक्तृत्वस्पर्धाही महाराष्ट्राला नव्या नाहीत. कुंचल्याला आणि व्याख्यात्याला जी संधी मिळते ती नटाला का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर आढळत नाही. प्रहसनाच्या स्पर्धांत गेली कित्येक वर्षे तोच दारुडा, तोच बोबडा शिक्षक आणि तीच साडी नेसलेली मिशाळ सासू पुन्हा पुन्हा येते, त्याचे एक कारण हे घोटणेच असावे.

यावर आक्षेप येईल तो अश्लीलतेचा आणि जातीवरून केलेल्या टवाळीचा. आक्षेप पोकळ नाही. जे प्रथम तोंडात येते ते पुष्कळदा सर्वांत हीन असते. आखरावरच्या झडत्यांतही बायकांवर केलेले असे विनोद असतात की, ज्यांचे जतन न झालेले बरे. पण प्रशिक्षणाची आवश्यकता सिद्ध होते ती येथेच. उत्स्फूर्त नाट्याच्या शिक्षणातील पहिला पाठ विनोद करण्याचा नसतोच. तो ऐकण्याचा असतो. समोरच्याने 'पाऊस आला' म्हटले तर पाऊस आला आहे असे धरूनच पुढे जावयाचे, त्याचे वाक्य खोडून स्वत:ची चलाखी मिरवावयाची नाही. या नियमाने वागू लागलेला विद्यार्थी सोबत्याला हास्यास्पद करून टाळ्या घेण्याच्या मोहातून हळूहळू सुटतो. सर्वच सुटतील अशी हमी अर्थात कोणी देऊ नये.

राहता राहिला खर्च. बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले की, कारखान्यात उत्पादकता वाढते तशी ती नाटकात वाढत नाही. चार नटांचा प्रवेश शंभर वर्षांपूर्वी जेवढा वेळ घेई तेवढाच आजही घेतो, आणि मजुरी वाढते तसा प्रयोग महाग होत जातो. नेपथ्य, प्रकाशयोजना, वेषभूषा, मानधन आणि प्रवास यांचा भार सोसून यवतमाळपर्यंत येणारी व्यावसायिक नाटके म्हणूनच विरळ. उत्स्फूर्त नाट्याला लागतात चार माणसे, दोन खुर्च्या आणि दुपारचा रिकामा वर्ग. आर्णी, घाटंजी किंवा झरी येथील एखाद्या महाविद्यालयास एवढे परवडण्यास हरकत नसावी. शिकविण्यास बाहेरून एक प्रशिक्षक वर्षातून चार दिवस आणावा आणि त्याच्या जोडीला पंचक्रोशीतील दंडारीचा एखादा जुना सोंगाड्या बसवावा. दोघांनाही मानधन सारखेच द्यावे. सोंगाड्याच्या मानधनाच्या देयकावर 'शैक्षणिक अर्हता' या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न लेखा विभाग उपस्थित करील. प्राचार्यांनी तेथे 'दंडार, अमुक इतकी वर्षे' असे लिहून खाली स्वाक्षरी करावी.