पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत!

परवा घरून फोन. धाकट्याला सीईटीत 92 पर्सेंटाइल! बाबा म्हणाले, "बारावीला 71 टक्के, मग इथे एकदम 92 कसे रे?" आई तर शेजारी पेढे वाटूनही आली होती.

मित्रांनो, 2019 पासून सीईटी कॉम्प्युटरवर, अनेक सत्रांत होते. पेपर वेगवेगळे, म्हणून तुलना त्या-त्या सत्रापुरती. आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी मार्क मिळवणारे शेकडा किती, तो पर्सेंटाइल. सत्राला 10,000 मुलं धरा. 92 म्हणजे साधारण 800 जण पुढे; अशी दहा सत्रं धरली तर 8,000! पेपर किती सुटला, हे त्यात कुठेच नाही.

आणि गंमत बघा, मधल्या गर्दीत चार-दोन मार्कांनी पर्सेंटाइल टुणकन उडी मारतो. 98 चे 99 करताना मात्र घाम फुटतो.

प्रवेश जर गुणवत्ता क्रमांकावर, तर निकालाच्या कागदावर पर्सेंटाइलशेजारीच "तुमच्या पुढे इतके जण" असं स्वच्छ मराठीत छापायला काय हरकत आहे? निदान पालक तरी फसणार नाहीत.

बाबांना हे सगळं सांगितलं. जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "आईला तूच सांग."