पुन्हा केलं म्हणजे उष्टं झालं?

शिवाजी पेठेत मागल्या महिन्यात सिनेमावर एक व्याख्यान झालं. वक्ते व्यासंगी होते, आवाज खणखणीत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जुन्या चित्रपटाला कुणी हात लावू नये. रिमेक म्हणजे डोकं आटल्याची कबुली, मूळ कलाकृतीचा अपमान आणि गल्ल्याचा उद्योग. मूळ चित्रपट आहे ना, मग तोच बघा. पुन्हा केलेलं ते उष्टं. टाळ्या पडल्या. मला मात्र तो ‘उष्टं’ शब्द घरी आल्यावरही घशाखाली उतरेना.

दुसऱ्या गावात कुणी असं बोललं असतं तर सोडून दिलं असतं. पण हे भाषण कोल्हापुरात झालं. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे, तो बाबूराव पेंटर आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या आठवणीसाठी. वक्त्यांनी भाषणात बाबूरावांना दोनदा वंदन केलं. त्याच बाबूरावांनी स्वतःचा चित्रपट स्वतःच पुन्हा केला होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं की सोयीचं नव्हतं, ते त्यांनाच माहीत.

१९२५ साली बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट केला. कथा नारायण हरी आपट्यांची. सावकाराच्या कर्जात जमीन घालवून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी, आणि त्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. पुराणकथांच्या त्या दिवसांत असला विषय घेणंच धाडसाचं होतं. मग १९३६ मध्ये, बोलपट आल्यावर, बाबूरावांनी तोच चित्रपट पुन्हा उभा केला. चित्रपट-निर्माते जे. बी. एच. वाडियांची याबद्दलची आठवण प्रसिद्ध आहे. मूकपट त्यांना पुसटसा आठवत होता; बाबूराव केवढे मोठे कलावंत ते त्यांना बोलपट पाहिल्यावर उमगलं. त्यांच्या मनात रुतून बसलं होतं ते एक दृश्य: अंधारात बुडालेली, लांबून दिसणारी उदास झोपडी, आणि कुत्र्याचं रडणं. बाकी काही नाही.

रात्री दारात कुत्रं रडलं की आपल्याकडे बाया-माणसं अजूनही दचकून उठतात, त्याला हुसकावतात. त्या घरावर काय येऊ घातलंय ते सांगायला दुसरा शब्द लागत नाही. आणि हे रडणं १९२५ मध्ये ऐकवताच येत नव्हतं! पडदा मुका होता. बाबूरावांनी पहिल्याच चित्रपटाला हार घालून हात जोडले असते, तर ती झोपडी अबोलच राहिली असती. याला उष्टं म्हणायचं?

आता ‘मूळ आहे ना, तोच बघा’ हा मुद्दा. हा ऐकला की माझं डोकं फिरतं. कुठं आहे मूळ? १९२५ चा ‘सावकारी पाश’ दाखवा मला. १९२० चा ‘सैरंध्री’ दाखवा. १९२३ चा ‘सिंहगड’ दाखवा, ज्यात बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांचा उजेड वापरून रात्र टिपली. नायट्रेटची फिल्म ती. ठिणगीनं पेटायची, दमट हवेत चिकटून कुजायची, आणि उरलेली कित्येकांनी चांदी काढायला गाळून टाकली. भारतात मूकपट झाले १,३०० हून अधिक. सरकारी फिल्म अर्काइव्ह पुण्यात सुरू झालं १९६४ मध्ये, तोवर बहुतेक सगळं संपलं होतं. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून आपण भक्तिभावानं जी रिळं पाहतो, ती १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची आहेत, असं काही अभ्यासक सांगतात. ते खरं असेल तर वक्तेमहाशय आयुष्यभर एका रिमेकलाच नमस्कार करत आले आहेत.

आणि हे फक्त मूकपटांपुरतं नाही. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, त्यात ‘मीठभाकर’ही गेला. भालजींनी तो पुन्हा चित्रित केला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं, तेव्हा पेठेतली मोठमोठी माणसं रस्त्यावर उभी राहून रडली, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या तोंडी एकच मागणी होती: पुन्हा बांधा. नवी इमारत म्हणजे शाहू महाराजांनी बांधलेल्या नाट्यगृहाचा अपमान, असं त्या दिवशी कुणीही म्हटलं नाही.

डोकं आटल्याचा आरोप तर टिकतच नाही. ‘प्रभात’नं इथं कोल्हापुरात १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ केला तो फाळक्यांनी दोनदा केलेल्या हरिश्चंद्राच्याच कथेवर. फाळक्यांच्या १९१३ च्या चित्रपटात तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. ‘प्रभात’च्या चित्रपटात दुर्गा खोटे आल्या, आणि तारामती पहिल्यांदा बाईच्या आवाजात मराठी बोलली.

गल्ल्याचं म्हणाल, तर मूळ चित्रपट काय अन्नछत्रासाठी काढले होते?

उसनवारीचा हा वाद आमच्याकडे जुनाच आहे. ‘पिंजरा’ (१९७२) परदेशी चित्रपटावर बेतलेला, म्हणून तो कमअस्सल, असं ठासून सांगणारे एक गृहस्थ वर्षानुवर्षं रंकाळ्यावर फिरायला यायचे. जर्मन ‘ब्लू एंजल’ १९३० चा, आणि तोही मुळात एका कादंबरीवरचा, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं! मास्तर फडावर येऊन उभा राहिला, तुणतुणं हातात आलं, की तो जर्मन प्राध्यापक उरतो कुठं? ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) तर ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटावरून आला, आणि ती कथा त्याआधी बंगालीत होऊन गेलेली. आज त्यातले संवाद घराघरात पाठ आहेत. ‘श्यामची आई’ २०२३ मध्ये पुन्हा आला, त्यानं १९५३ च्या चित्रपटाचं सुवर्णपदक काही परत घेतलं नाही.

वाईट रिमेक असतात, ढिगानं असतात. १९३३ चा रंगीत ‘सैरंध्री’ जर्मनीत प्रक्रिया करून आणला आणि रंगांनीच घात केला. ‘सैराट’चा हिंदी ‘धडक’ केला तेव्हा जातीचा काटाच बोथट केला, मग दुखणार काय? वक्त्यांनी ‘धडक’वर दहा मिनिटं घेतली, त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. पण दोष पुन्हा करण्याचा नव्हे, कणा काढून घेण्याचा आहे.

माझं मागणं एवढंच, की पहिल्याला जे जमलं नाही, दिसलं नाही किंवा बोलू दिलं गेलं नाही, ते हाती असेल त्यानं खुशाल पुन्हा करावं. ‘सावकारी पाश’ तिसऱ्यांदा व्हायला हवा, आणि तो कोल्हापूरच्या पोरांनीच करावा. पाश संपलेला नाही. दर हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या येतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता गहाण पडलेला असतो, आणि फडाच्या कडेला पाचटाची खोप उभी राहते. रात्री त्या रस्त्यानं गाडीवरून जाताना मी थांबून पाहिली आहे ती खोप. आत एक मिणमिणता दिवा, भोवती काळाकुट्ट ऊस, आणि लांबवर कुठंतरी कुत्रं रडत होतं.