दशावतार म्हणजे उत्क्रांती नव्हे

मुरबाड-शहापूरकडील बौद्ध बंधु-भगिनींनो,

आपण धम्मदीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. बुद्ध हा विष्णूचा अवतार होय, ही समजूत पाचव्या प्रतिज्ञेने आपण कायमची नाकारली. घरातील देव्हारा उठला, भिंतीवरील तसबिरी उतरल्या. परंतु पुढल्या दाराने घालविलेली गोष्ट मागल्या दाराने पुन्हा घरात शिरू शकते, आणि हल्ली ती विज्ञानाचा वेष घेऊन शिरू पाहत आहे. त्याविषयी आपणांस सावध करणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

जानेवारी २०१९ मध्ये जालंधर येथे भारतीय विज्ञान काँग्रेस भरली होती. तेथे आंध्र विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू जी. नागेश्वर राव यांनी डार्विनच्या सिद्धांताहून दशावताराची कल्पना सरस असल्याचे प्रतिपादन केले. आधी मासा, मग कासव, मग वराह, मग नरसिंह. ऐकणाऱ्या मुलास हे पटण्याजोगे वाटते. पण ही यादी शेवटपर्यंत मोजा. प्रचलित यादीत नवव्या जागी कोणास बसविले आहे? बुद्धास! म्हणजे जो ही यादी विज्ञान म्हणून पत्करील, तो आपली पाचवी प्रतिज्ञा स्वहस्ते खोडून टाकील.

शिवाय या दोन गोष्टींत साम्य ते कोणते? अवतार म्हणजे वरून खाली उतरणे. उत्क्रांतीत वरून कोणीच उतरत नाही. एकाच जातीच्या प्राण्यांत जन्मतः लहानमोठे भेद असतात. ज्यांचे भेद त्या परिस्थितीत उपयोगी पडतात त्यांची संतती अधिक उरते. आणि असे लक्षावधी पिढ्या चालले म्हणजे नवी जात निर्माण होते. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. हिला कर्ता नाही आणि ठरलेले ध्येयही नाही. जीवसृष्टी ही शिडी नसून वृक्ष आहे. शिडीला वरची पायरी व खालची पायरी असते. वृक्षाच्या सर्व फांद्या एकाच खोडातून फुटतात. पुरुषाच्या मुखातून एक वर्ण व पायांतून दुसरा वर्ण उपजला असे सांगणाऱ्यांस शिडी प्रिय असणारच. आपणांस ती प्रिय असण्याचे कारण काय?

दुसरा आक्षेप आपल्याच महाराष्ट्रात घेतला गेला. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की, डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी सांगितलेले नाही. ज्या नगरीत बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय उभारले आणि भिक्षू नागसेनास प्रश्नामागून प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव त्यास लाभले, त्याच नगरीत हे बोलले गेले!

या आक्षेपास वकिलाने उत्तर द्यावे हेच योग्य. साक्षीदाराने पाहिले नाही एवढ्यावरून गुन्हा घडलाच नाही असे कोणते न्यायालय म्हणते? शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या आणि त्यांस ‘पंचशील’ हेच नाव दिले. पुराव्याची साखळी अखंड असेल तर प्रत्यक्ष साक्षीदार नसतानाही निर्णय देता येतो.

ती साखळी येथे आहे काय? पाहा. माणूस आजच्या माकडापासून झाला असे विज्ञान म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज एक होते, असे ते म्हणते. चिंपांझीच्या पेशीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसाच्या २३. मग एक जोडी गेली कोठे? माणसाचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र तपासले असता दोन जुनी गुणसूत्रे टोकास टोक जुळून ते बनल्याचे दिसते. दोन दस्त चिकटवून एक करावा आणि सांध्याच्या जागी दोहोंच्या कडा दिसाव्यात, तशी ती खूण आहे. आपल्या माळशेज व नाणेघाटाचे कडे ज्या लाव्हारसाच्या थरांनी झाले, ते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. ते थर साचताना कोणी पाहिले होते? तरी कडा समोर उभा आहेच. मुंबईत त्याच काळातील थरांमध्ये बेडकांचे अश्मीभूत सांगाडे सापडले, आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ सालीच त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले.

आता हे आपल्या संसारात कोठे लागू पडते ते सांगतो. सिकलसेल हा रक्ताचा आजार विदर्भातील आपल्या अनेक कुटुंबांत आणि राज्यातील आदिवासी बांधवांत आढळतो. आई व बाप या दोघांकडूनही तो जनुक आला तर मूल आजारी पडते; एकाकडूनच आला तर सहसा त्रास होत नाही, उलट घातक मलेरियापासून काहीसे रक्षण मिळते. म्हणूनच मलेरियाच्या मुलखात हा जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकला. दोघेही वाहक असतील तर दर खेपेस मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक. जी माता आजवर गतजन्मीचे पाप म्हणून कपाळ बडवीत होती, तिला हे ज्ञान रक्ततपासणीचा मार्ग दाखविते. गतजन्मीच्या कर्माचे जे ओझे बाबासाहेबांनी धम्मातून दूर केले, ते घरातूनही जावे यासाठी हे शिक्षण हवे.

परंतु हे शिक्षणच आक्रसत आहे. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून, मुलांवरील भार कमी करण्याच्या नावाखाली, उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याचा निषेध केला. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ होता. तो पाठ ही सुरुवात आहे. साखळीची प्रत्येक कडी हाताळून पाहावयाची तर महाविद्यालयातच जावे लागते. “जीवशास्त्र घेऊन डॉक्टर झाली नाही तर काय उपयोग?” असे मुलीस विचारू नका. शिवळे येथे, नाही तर कल्याण-उल्हासनगर येथे, तिला विज्ञान शाखेत घाला. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र पदवीपर्यंत शिकू द्या.

बौद्ध झाल्याने शिष्यवृत्ती बुडेल अशी भीती कोणी घातली तर तिला भुलू नका. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस १९९० च्या कायद्याने तो दर्जा दिलेला आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व स्वाधार योजना यांसाठी अर्ज करा. वैज्ञानिक दृष्टी बाळगणे हे तर राज्यघटनेच्या ५१ अ कलमाने प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्यच ठरविले आहे.

पाचवी प्रतिज्ञा आपण मुखाने उच्चारली. ती पुराव्यानिशी सिद्ध करून दाखविणारी पिढी आपल्याच घरांतून निघाली पाहिजे.

जय भीम!